शेवटच्या पानावरची नावं

पहिल्याच भेटीत त्या माणसाने माझ्या नव्या पुस्तकांवर पाणी सांडलं. बाहेर लोणावळ्याचं आषाढातलं धुकं… समोरचं वाण्याचं दुकान भर दुपारी दिसेना. त्या धुक्यातून हा आत आला, टेबलाशी उभा राहिला आणि अंगावरचं घोंगडं झटकलं.

"अहो! नवी पुस्तकं आहेत ती!"

"म्हणूनच आलोय," तो म्हणाला. "फळ्यावर लिवलंय न्हवं, नवी पुस्तकं आली म्हणून."

फळा माझाच होता.

साल एकोणीसशे अडतीस. मी लीला, रखमाजी गुरुजींची मुलगी, मराठी सातवीची फायनल पास, गावच्या वाचनालयात ग्रंथपालाचं काम करत होते. नव्याने निघालेली माहितीची पुस्तकं पुण्याहून मागवायची, शेगडीच्या उबेवर त्यांची बुरशी घालवायची, चार ओळींत ओळख फळ्यावर लिहायची आणि खाली ठळक खडूने ‘जिज्ञासू वाचकांनी अवश्य वाचावे’ असं लिहायचं, हा माझा उद्योग. जिज्ञासू वाचक मात्र लोणावळ्यात औषधालाही सापडत नव्हता. जो तो हेरकथा मागे. मधमाश्यांवरचं पुस्तक पुढे केलं तर कस्तुराबाईंनी विचारलं, "ह्यात शेवटी लग्न होतं का गं?"

"राणीमाशीचं होतं," मी म्हटलं, तेव्हा कुठे नेलं. दुसऱ्या दिवशी परत घेऊन हजर! "अगं, नवरा मरतो की लगेच!"

त्यातून वाचनालयाचे अध्यक्ष अंबाजीराव. त्यांनी ठराव करून ठेवला होता, की दसऱ्यापर्यंत माहितीच्या पुस्तकांना पंचवीस वाचक मिळाले नाहीत, तर पुढे ती घ्यायची नाहीत, माझं कपाट हेरकथांना द्यायचं. ते कपाट म्हणजे माझा जीव होता. आणि वहीत वाचक होते सहा.

म्हणून राग गिळून मी विचारलं, "नाव?"

"महिपती केदारी. गाव नवलाख उंबरे. खंडाळ्याच्या घाटात सांधेवाला हाय, रेल्वेचं रूळ बदलणारा."

मी ताऱ्यांवरचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "हे न्या. सोप्या भाषेत आहे."

"तारं घेऊन काय करू? हितं चार म्हयनं आभाळ दिसत न्हाई." त्याने सापांचं उचललं. "ह्ये द्या."

मुदत पंधरा दिवसांची. पुस्तक आलं महिन्याने. त्याला चुलीच्या धुराचा वास, सदतिसाव्या पानावर हळदीचा अंगठा, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नावांची रांग… नवशा, येसू, बाया, गंगी…

"महिपती केदारी! हे पुस्तक आहे की तुमच्या रेल्वेच्या गँगचं हजेरीपत्रक?"

"त्याचं असं हाय, बाई…"

"नियम सातवा!" मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "पुस्तकावर लिहू नये, पुस्तक खराब करू नये, पुस्तक दुसऱ्यास देऊ नये."

त्याने पाटी शेवटपर्यंत वाचली. मी रबर काढला आणि त्याच्या देखत सगळी नावं खोडली. तो नुसता बघत राहिला… गालातल्या गालात हसत!

पुढे हे असंच चाललं. मी मातीवरचं पुस्तक सुचवावं, त्याने विहिरींवरचं न्यावं. मी आहारावरचं पुढे करावं, त्याने तापाच्या आजारांवरचं मागावं. एक परत आलं की लगेच दुसरं. आणि प्रत्येकाच्या शेवटी नावं! मी खोडायची, तो हसायचा. महिपती केदारी, मुदत संपली. महिपती केदारी, हा भाकरीचा तुकडा कुठल्या प्रकरणाची खूण आहे?

"कितींदा नाव घेता माझं," तो एकदा हळूच म्हणाला. "माजी आय बी घेत न्हाई एवढं."

मी मान खाली घालून वही लिहू लागले. कान तापले होते… रागानेच, असं मी स्वतःला सांगितलं. पण मंगळवारी त्याची सुट्टी असे, आणि मंगळवारी मी फळा दोनदा पुसून पुन्हा लिहीत असे. तो मला आवडू लागला होता, आणि सगळ्यात जास्त राग मला ह्याचाच येत होता.

एक गोष्ट विचारायची नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. आणि विचारलीच.

"ही गंगी कोण?"

"हाय एक. लय ग्वाड बोलती. सापाचं पुस्तक तिच्यासाठीच नेलं व्हतं."

त्या दिवशी मी रबर असा चालवला, की पान फाटायचंच बाकी राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाचनालयाची सभा होती. तिच्या दोन दिवस आधी तो आला, हातात पुस्तक नाही. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत उभा राहिला.

"बाई, घाटात आमचा सांधा कायम डोंगराकडच्या आडवाटेला लावल्याला असतो. उतारावरची गाडी ताब्यात न्हाई असं धरूनच चालायचं, सुटली तर डोंगराच्या चढावर थांबावी. गाडी थांबती, शिट्टी देती, मग आमी मेन लाइनीचा सांधा लावतो."

"बरं मग?"

"मी तीन म्हयनं शिट्टी देतोय… सांधा कवा बदलणार? माझं आबा गुरुजींकडं येतील बोलायला. पर आधी तुमी सांगा."

माझा धक्का लागून टेबलावरचा खडू गडगडत खाली गेला. आणि तोंडातून काय यावं? "तुमच्या त्या गंगीला विचारा जा!"

तो दाराला धरून हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला!

"आवं, सत्तरीची हाय ती! भुशीच्या वरच्या वाडीत ऱ्हाती, आमच्या गँगमधल्या नवशाची आय. सुट्टीला मी तितं पुस्तक वाचून दावतो. लोकं इचारतील त्येच पुस्तक नेतो. ज्यानं शेवटपातुर ऐकलं, त्याचं नाव मागं लिवतो. तुमचा सातवा नियम मोडत व्हता, म्हणून बोललो न्हाई."

मी रबर खणात टाकला. वाचक! मी तीन महिने गावात ज्यांना शोधत होते ते वाचक माझ्याच कपाटात येत होते, आणि मी त्यांना रबराने पुसत होते.

"मग… उत्तर?"

"सभेच्या दिवशी! आणि त्या सगळ्यांना घेऊन या. आता आधी जा इथून, मला काम आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकेक पुस्तक खिडकीशी तिरपं धरलं. पेन्सिल दाबून लिहायची त्या बाबाची सवय… खोडलेल्या जागी अक्षरांचे वळ उठले होते. त्यांच्यावरून मी शाईने टाक फिरवला. दोनदा आलेली नावं वगळून अठरा माणसं निघाली. वहीतले आधीचे सहा आणि हे अठरा, चोवीस. प्रत्येक यादीच्या तळाशी वाचून दाखवणाऱ्याचं नाव होतंच. ते पंचविसावं.

टाक ठेवला तेव्हा माझं उत्तर ठरलेलं होतं.

सभेला वाडीतली माणसं मागे खांबाजवळ बसली. मी नावांच्या याद्यांचा खुलासा केला, तशा अंबाजीरावांनी भुवया चढवल्या. "ऐकलं म्हणजे वाचलं, असं होतं का?"

एक ठेंगणी म्हातारी उठली. हीच ती गंगी. "भाऊ, पाण्यातला दिवड साप इषारी का बिनइषारी?"

अंबाजीराव शेजारच्या चिटणिसांकडे पाहू लागले.

"बिनइषारी. आमी जल्मभर मारत आलो, आता सोडून देतो. तुमी वाचलंय न्हवं त्ये पुस्तक?"

अंबाजीरावांनी खाकरून घसा साफ केला. "बरं, बरं. लीला, नावं वाच. मोजून घेऊ."

मी वाचू लागले. चिटणीस बोटांवर मोजत होते. नवशा, येसू, बाया, गंगी… चोवीस झाली.

"एक कमी पडतं," अंबाजीराव म्हणाले.

"आहे अजून एक."

"मग वाच की."

मी तोंड उघडलं. तीन महिने जे नाव उठता बसता तणतणत घेतलं, ते ओठांवर येईना. जुनं कपाट समोर होतं, एका नावावर ते वाचणार होतं… पण होणाऱ्या नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं?

"पंचविसावे… ते."

"ते कोण?"

"ते… मागे बसलेत. खांबाशी."

समितीत बसलेल्या माझ्या वडिलांनी चष्मा काढला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या, आणि गंगी ओरडली, "आगं बया! नाव घेईना ही! म्हंजी ठरलं की!"

जे हसू उठलं ते आवरेना. वडील चष्मा पुसतच राहिले, पण हसत होते. अंबाजीराव चिटणिसांना म्हणाले, "लिहा, पंचवीस." आणि एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारा माणूस खांबाआड तोंड लपवत होता.

सभा पांगल्यावर ते टेबलाशी आले. "पुस्तक द्या, बाई."

"कोणतं?"

"ह्या टायमाला तुमी म्हणाल त्ये."

मी ताऱ्यांचं दिलं. आभाळ आता मोकळं झालं होतं. वहीत नाव लिहिलं… लिहायला कुणाची ना नव्हती.

ह्याला सात वर्षं झाली. कपाटाची दोन झाली आहेत. ताऱ्यांचं ते पुस्तक मात्र अजून आमच्याच घरात आहे. शेवटचं पान नावांनी भरलं, आता आतल्या पुठ्ठ्यावर लिहिणं चाललंय. ग्रंथपालाच्या घरात मुदत संपलेलं पुस्तक! मी दर दसऱ्याला भांडते, आणि ते हसतात. पूर्वी निदान नाव घेऊन खडसावता तरी येत होतं… आता तीही सोय राहिली नाही.