अरुणाची हद्द

आमच्या विद्यापीठाच्या पूर्वेकडच्या फाटकाशी जमिनीवर एक पांढरी रेघ आहे. रेघेच्या टोकाला, कालव्याच्या कठड्याजवळ, काडेपेटीएवढी धातूची पट्टी सिमेंटात बसवलेली आहे. तिच्यावर विद्यापीठाचं चिन्ह, तीन लाटा, आणि एक लाल बाण. टोकियोत जमिनीच्या तुकड्यांना अशा पट्ट्या असतात. हद्द कुठे संपते ते बाण दाखवतो. लोक त्यांच्यावरून चालत जातात, पाहत कुणी नाही.

मी पाहायला लागले ते अरुणामुळे.

अरुणा पूर्वी पुणे पोलिसांत हवालदार होती. नवऱ्याला, देवदत्तला, इथल्या आयटी कंपनीचं कंत्राट मिळालं आणि तिनं नोकरी सोडली. राजीनामा देताना ती रडली नाही, गणवेश परत करताना रडली, असं देवदत्त सांगतो. इथं येऊन ती जपानी शिकली आणि एका सुरक्षा कंपनीतर्फे कोतो वॉर्डातल्या आमच्या विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागली. मी त्याच विद्यापीठाचं इंग्रजी वार्तापत्र काढते. त्याआधी पुण्यात एका दैनिकात गुन्हे वार्ताहर होते. संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असली की माणूस दिसलं तेवढंच लिहायला शिकतो. इथंही तेवढंच लिहिते आहे.

शेजारच्या एदोगावा वॉर्डात राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात अरुणाचा सत्कार केला. शाल होती, नारळ ऐनवेळी मिळाला नाही, म्हणून खरबूज दिलं.

"घरीसुद्धा रेघ मारलीय हिनं," देवदत्त माइकवर म्हणाला. "स्वयंपाकघरात शिरायचं तर मला पास लागतो."

"पास भांडी घासल्यावर मिळतो," अरुणा म्हणाली. सगळे हसले. आम्हा सगळ्यांनाच तिचा अभिमान होता, आणि तो तिला माहीत होता.

तिचं काम पाहण्यासारखं होतं. पांढरे हातमोजे, कडक इस्त्री. ओळखपत्र दोन्ही हातांनी घ्यायची, उजेडाकडे किंचित तिरपं धरायची, आणि परत देताना अंगठ्यानं फोटोवरची धूळ पुसून द्यायची. मला रोज पाहायची, तरी माझं ओळखपत्रही तसंच तपासायची. त्याच्या कोपऱ्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग होता.

"हा काही निघत नाही, विभाताई," ती म्हणायची. "एक दिवस काढीन."

तिचे वरिष्ठ होशिनो-सान यांनी पहिल्याच दिवशी तिला रेघेचा अर्थ सांगितला होता. इथल्या कायद्यानं पहारेकऱ्याला साध्या नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाही. रेघेच्या आत विनंती करायची. रेघेबाहेर तीही नाही.

"म्हणजे समोरच्या रस्त्यावर कुणी गाडीखाली आलं, तरी मी इथूनच बघायचं?"

"बघायचं आणि पोलिसांना फोन करायचा," होशिनो-सान म्हणाले.

अरुणानं ते पाळलं. तिचा बूट रेघेला लागलेला मी कधी पाहिला नाही. "हद्द पाळण्यातही मान असतो, ताई," ती म्हणायची. पण संध्याकाळी विद्यार्थी मोबाइलमध्ये डोकं घालून कालव्यावरच्या पुलाकडे निघाले की तिची मान त्यांच्या मागोमाग वळत असे, पार पुलापर्यंत.

पानगळीच्या सुरुवातीला विद्यापीठात पहिला फोन आला. एका आईला आभार मानायचे होते. पुलापलीकडच्या वळणावर तुमच्या भारतीय पहारेकरी बाईंनी हात दाखवून बाबागाडी थांबवली, त्याच क्षणी समोरून ट्रक वळला.

होशिनो-सान खूश झाले नाहीत. पहारेकरी रेघेबाहेर लोकांना अडवतात असं झालं, तर कंपनीचं कंत्राट जाईल. त्यांनी फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण काढून पाहिलं. त्या वेळी अरुणा फाटकातच होती, एका प्राध्यापकाचं ओळखपत्र उजेडाकडे धरून. होशिनो-सान यांनी ते पुन्हा लावून पाहिलं, आणि मग मला बोलावून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात त्याच प्राध्यापकांची तक्रार आली. रेल्वे स्टेशनबाहेर अरुणानं त्यांना थांबवून ओळखपत्र मागितलं होतं. तेव्हाही ती फाटकातच होती.

"तुम्ही दाखवलंत का?" मी त्यांना विचारलं.

"दाखवलं."

"का?"

"दाखवायला हवं असं वाटलं," ते म्हणाले.

कंपनीनं चित्रीकरणाकडे लक्ष दिलं नाही. आणखी एक तक्रार आली, तर अरुणाला फाटकावरून काढून बंदराजवळच्या एका गोदामाच्या वाहनतळावर पाठवायचं ठरलं.

"तिथं ओळखपत्रं नसतात, ताई," अरुणा म्हणाली. "नुसत्या गाड्या. गणवेश घालायचा कुणासाठी?"

जुन्या सवयीनं मी घटनास्थळी गेले. पुलापलीकडच्या वळणावर, बाबागाडी थांबली होती तिथं, फुटपाथच्या कडेला पानं साचली होती. पायानं बाजूला केली. खाली धातूची पट्टी होती. तीन लाटा, लाल बाण. भोवतीच्या सिमेंटावर शेवाळ, आणि कडा माणसांच्या चालण्यानं झिजलेल्या.

वॉर्ड कार्यालयातल्या माणसानं नकाशा उघडून दाखवला. पुलापलीकडे विद्यापीठाची वीतभरही जागा नव्हती, कधी नव्हतीच. स्टेशनबाहेर, सायकलींच्या रांगेखाली, दुसरी पट्टी सापडली. तीही तितकीच जुनी.

मी फोटो अरुणाला दाखवले. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं मोबाइल दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे तिरपा धरला, आणि तिची पाठ आणखी ताठ झाली.

"म्हणजे मी हद्द मोडलेली नाही," ती म्हणाली.

"अरुणा, तू तिथं गेलीच नव्हतीस."

"हो," ती म्हणाली. "तेही खरंच."

आणखी कुणाची तक्रार येण्याआधी होशिनो-सान यांनी स्वतःच स्टेशनवर जायचं ठरवलं. भर दुपारी, लख्ख उन्हात. मी अरुणाजवळ फाटकात उभी राहिले. त्या दिवशी तिनं नवे हातमोजे घातले होते.

माझा फोन वाजला.

"अरुणा-सान तुमच्याजवळ आहेत का?" होशिनो-सान यांनी विचारलं.

"आहे. हाताच्या अंतरावर."

"इथंही आहेत," ते हळू म्हणाले. "मला थांबायला सांगितलं. मी थांबलो आहे."

मी अरुणाकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं.

"त्यांना विचारा ना, ताई. सॅल्यूट कसा केला?"

मी विचारलं.

"उत्तम," होशिनो-सान म्हणाले.

अरुणानं मान डोलावली. समोरून एक विद्यार्थिनी आली. अरुणानं तिचं ओळखपत्र घेतलं, तिरपं धरलं, पुसलं, परत दिलं.

संध्याकाळी होशिनो-सान यांनी कंपनीला कळवलं, पहारेकरी आपल्या हद्दीतच काम करत आहे. एवढंच. अरुणा फाटकावर राहिली. दुसऱ्या दिवसापासून होशिनो-सान आत येताना तिला आधी सॅल्यूट करू लागले. मंडळींना ते कळलं तेव्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. मलाही वाटलं, हे नमूद करते.

गेल्या रविवारी विद्यापीठात प्रवेशपरीक्षा होती. अरुणा कामावर होती आणि मी घरी, एदोगावात. माझी छत्री फाटकात राहिली होती म्हणून तिनं व्हिडिओ कॉल केला.

"इथंच ठेवते, ताई. उद्या न्या." तिच्या मागे पांढरी रेघ आणि कालवा दिसत होता.

बोलत बोलतच मी बाजाराला निघाले. दार उघडलं. उंबऱ्याबाहेरच्या सिमेंटात, पायपुसण्याच्या कडेला, धातूची पट्टी होती. कडा झिजलेल्या. बाण घराच्या आत वळलेला.

"थांबा," अरुणा म्हणाली.

पडद्यावर तिचे ओठ मिटलेले होते. ती एका मुलाकडे पाहत होती.

गॅलरीत कुणी नव्हतं. दुपारचं ऊन होतं, कुणाचे तरी कपडे वाळत होते.

मी थांबले. पर्समधून ओळखपत्र काढलं आणि समोर धरलं.

ते किंचित तिरपं झालं.

मग मी ते परत ठेवलं आणि जिना उतरले. बाजारात पैसे देताना ओळखपत्र पुन्हा हाताला आलं. कोपरा स्वच्छ होता. लोणच्याचा डाग निघाला होता.