प्रतिभाबाईंच्या रेकॉर्डिंगमधली खरखर

"रोहिणी, असशील तशी ये. परत आली."

"कोण?"

"खरखर," अश्विन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रोहिणी कॉलेज रोडच्या एका स्टुडिओत साउंडचं काम करायची. लोकांच्या गाण्यांतून कुत्री, कुकरच्या शिट्ट्या आणि सासवांचे खोकले काढून टाकणं हा तिचा धंदा. एरवी असल्या फोनला तिने दोन उपाय सांगून वाटेला लावलं असतं. पण प्रश्न प्रतिभाबाईंचा होता. बाईंनी तिला चौथीत शिकवलं होतं, आणि भीमजयंतीला बाई गायल्याशिवाय कॉलनीला जयंती झाल्यासारखी वाटत नसे.

बाईंच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं आणि त्याबरोबर आवाजही जाणार होता. बाईंची अट एकच: आधी माझी गाणी नीट भरून घ्या, मग दवाखान्यात येते. दरवेळी रेकॉर्डिंग बिघडलं. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. आता सोमवार शेवटचा, त्यानंतर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

नाशिकरोडच्या घरात बाईंचा मुलगा अश्विन कॉम्प्युटर उघडून डोक्याला हात लावून बसला होता.

"काय काय करून बघितलंस?" रोहिणीने विचारलं.

"साउंड कार्ड बदललं. मग बाहेरून लावायचं नवीन आणलं. माइक बदलला, केबल बदलली. फॅन, फ्रीज, टीव्ही, वायफाय, सगळं बंद केलं. पप्पांनी शेजारच्यांचा मिक्सरसुद्धा थांबवला."

"आणि तू बोललास तर?"

"एकदम स्वच्छ. पप्पा बोलले तरी स्वच्छ. आई गायला बसली की खरखर."

"हिच्या अंगातच करंट आहे," अश्विनचे वडील धोंडीराम म्हणाले. "लग्नापासून मला बसतोय."

कुणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

"बाई गातात तेव्हा खोलीत कोण असतं?"

"कुणीच नाही. मी रेकॉर्डिंग सुरू करतो आणि बाहेर जातो. समोर माणूस असलं की तिला रडू येतं."

प्रतिभाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. रोहिणी त्यांच्याजवळ गेली.

"बाई, गाण्याआधी तुम्ही काय करता?"

"काय करणार?" बाईंचा आवाज आताच बसल्यासारखा येत होता. "बुद्धांना, बाबासाहेबांना हात जोडते. दिवे लावते. पाणी पिते. हेडफोन घालते."

भिंतीवर दोन तसबिरी होत्या, भोवती रंगीत दिव्यांची माळ. माळेची वायर कपाटामागे गेली होती. रोहिणीने वाकून पाहिलं. मग ती कॉम्प्युटरवर बसली आणि सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकत गेली. सगळीकडे गाण्याच्या पहिल्या ओळीपासून खरखर. एकात मात्र तीन ओळी स्वच्छ होत्या. मग गाणं थांबलं. खुर्ची करकरली. चपला घासल्या. टिक. आणि खरखर सुरू झाली.

तिने ते पुन्हा ऐकलं. तिला आपलं डोकं चाललं याचा रागच आला.

"काका, चहा मिळेल?"

धोंडीराम स्वयंपाकघरात गेले. रोहिणीने हेडफोन काढला.

"अश्विन, बिघाड कार्डात नाही. त्या माळेत आहे. माळ स्वस्तातली, आणि लावलीय कॉम्प्युटरच्याच विजेच्या बोर्डावर. तिचा अडॅप्टर खरखर सोडतो, ती वायरीतून तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये उतरते. तू बोलायचास तेव्हा माळ विझलेली असायची. बाई बसल्या की लागायची."

"पण मी सगळं बंद..."

"बाबासाहेबांपुढचे दिवे बंद करायला सांगितलंस आईला?"

या घरात ते कुणाच्या मनातही आलं नसतं.

"म्हणजे आईकडूनच होत होतं. नकळत."

"नकळत असतं तर बरं होतं," रोहिणी म्हणाली आणि बाईंकडे वळली. "एकदा तुम्ही दिवे लावायला विसरलात. हेडफोनमध्ये तुम्हाला कळलं, आज स्वच्छ येतंय. तेव्हा तुम्ही गाणं तोडून उठलात आणि बटण दाबलंत. हात जोडणारा माणूस गाण्याआधी दिवे लावतो, बाई. अर्ध्या गाण्यात उठून लावत नाही."

बाईंनी तसबिरींकडे पाहिलं.

"हुशार होतीसच तू," त्या म्हणाल्या. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, अश्विन घराचा खिळा न् खिळा काढून बघेल, पण त्या दिव्यांवर शंका घेणार नाही. ज्यांनी आपल्याला बोलायला शिकवलं, त्यांच्याच मागे लपले मी."

"आई, अगं गाठ वाढतेय!"

"कळतंय रे. पण रेकॉर्डिंग झालं की तुमच्याजवळ माझा आवाज राहील. माझ्याजवळ काय राहील?"

अश्विनने टेबलावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. गुन्हेगार सापडला होता आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. सोमवार यायचा तो येणारच होता.

शेवटी बाईच उठल्या. तसबिरींना हात जोडून त्यांनी माळ विझवली आणि माइकसमोर येऊन बसल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.

रोहिणीने बटण दाबलं. पडद्यावरची रेघ सरळ होती, खरखर नव्हती. बाई गायल्या नाहीत.

"गाणी उद्या. आधी हाका मारून घेते," त्या म्हणाल्या. "अश्विन! ए अश्विन, जेवायला ये."

अश्विनने मान वर केली नाही. बाई माइकच्या आणखी जवळ सरकल्या. नवऱ्याला त्यांनी जन्मभर 'अहो' म्हटलं होतं. चारचौघांत नाही की एकट्यात नाही, त्यांचं नाव कधी बाईंच्या तोंडून निघालं नव्हतं.

"धोंडीराम," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने, घसा दुखला तरी, "धोंडीराम!"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. धोंडीराम हातात गाळणी घेऊन दारात आले आणि त्यांनी खोलीभर पाहिलं.

"कोण हाक मारतंय मला?"