तापवण्याआधीचा फोन

दार लोटून घ्या. यंत्र चालू राहू दे, त्याला अजून चाळीस मिनिटं लागणार आहेत आणि तुम्हा पोरांना पडद्याकडे बघत बसायचा कंटाळा आलेलाच आहे. मघाशी कोण म्हणालं, "गारची कटकट कशाला, गरमवरच उरकून टाकू"? नाव नका सांगू. नुसतं ऐका. ही गोष्ट ज्याच्यावर बेतली तो आपल्या चांगल्या ओळखीचा होता, आणि त्याला थापा मारता येत नसत.

त्याला सगळे काटेकोर म्हणायचे. चहातली साखरसुद्धा तोलून घालेल, अशी त्याची ख्याती. तो असल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये होता. तिथं एक नाजूक द्रव यायचा, उष्णता न सोसणारा, म्हणून शीतघरात ठेवलेला. पिंपातला थेंबभर नमुना सुईनं यंत्रात टोचायचा की पडद्यावर टेकड्या उमटायच्या. मोठी टेकडी म्हणजे चांगला माल, छोट्या म्हणजे घाण. गंमत अशी, की यंत्राचं तोंडच अडीचशे डिग्रीला तापलेलं. माल शिरता शिरता तिथंच थोडा फुटायचा आणि सहाव्या मिनिटाला एक खोटी टेकडी उठायची. ती यंत्राची, मालाची नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. शंका आली तर तोंड गार करून पुन्हा टोचायचं. गारातही टेकडी उठली, तर माल पिंपातच बिघडलेला, आणि असला माल तापवला की स्फोटच. पण या गारच्या कामाला अडीच तास लागायचे.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथंच प्लांटवर रिअ‍ॅक्टर चालवायचा. हसरा, बडबड्या. माल तापवायला वाफ सोडायच्या आधी लॅबला फोन करायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "दादा, तापवू का?" वर टोमणा ठरलेला, "बायकोपेक्षा तुझ्याच परवानग्या जास्त घ्याव्या लागतात."

एका रात्री ती सहाव्या मिनिटाची टेकडी बोटभर उंच दिसली. काटेकोरनं पाहिली. यंत्राचं तोंड मळलं असेल, असं मनाशी म्हणाला. अडीच तास कोण थांबणार, सकाळी टँकर यायचा होता. फोन वाजला. तो म्हणाला, "तापव."

पाऊण तासात शेडचं छप्पर उडालं. मेहुणा गेला.

अकरा दिवसांनी, मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी, जेवणं झाल्यावर बहीण म्हणाली, "दादा, यांचे कपडे कारखान्यातल्या कपाटात राहिलेत, तेवढे आणतोस?" मग जरा थांबून म्हणाली, "लोक म्हणतात, यांना डुलकी लागली, काटा चढत गेला तरी कळलं नाही. तू तर लॅबमध्ये आहेस. यांची चूक नव्हती म्हणून तू तरी सांग ना रे."

सोमवारी चौकशी होती. अधिकारी येऊन उरलेला नमुना ताब्यात घेणार होते. काटेकोर कपडे आणायला निघाला. दिवसा चार लोकांच्या नजरा सोसवत नव्हत्या, म्हणून रात्रीच निघाला. पहारेकऱ्यानं काही न विचारता गेट उघडलं. त्यानं कपाटातून दोन शर्ट आणि एक टॉवेल काढून पिशवीत भरले. काम झालं होतं. घरी जायला हवं होतं. पण पाय लॅबकडे वळले.

शीतघरात त्या रात्रीच्या नमुन्याची बाटली होती, लेबलावर त्याचीच सही. त्यानं यंत्राचं तोंड गार करायला लावलं. स्टुलावर बसून राहिला. टेकडी उठली नाही तर आपण सुटलो, एवढंच मनात घोळत होतं. मेहुण्याचं काय होईल, हा विचार आलाच नाही, हे त्यानं स्वतः कबूल केलंय.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी त्यानं गार तोंडात सुई टोचली. पडद्यावर सपाट रेघ. तीन मिनिटं. चार. मोठी टेकडी उठली, उतरली. पाच.

सहाव्या मिनिटाला दुसरी उठली. चांगली हातभर.

म्हणजे माल पिंपातच नासला होता. मेहुणा जागा होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. आपण अडीच तास थांबलो असतो, तर तो माणूस आज घरी झोपला असता. काटेकोर घाबरला. नोकरी, तुरुंग, बहिणीचं तोंड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्यानं बाटली सिंकमध्ये ओतली. नळ पूर्ण सोडला. कागद फाडले. यंत्रातली नोंद पुसली. सगळं नीट, शिस्तीत.

मग नळ बंद केला.

आणि फोन वाजला.

प्लांटची लाइन होती. प्लांट जळाला होता. तारा वितळल्या होत्या. तरी वाजत होता...

त्यानं उचलला.

पलीकडे पंप घरघरत होता. मग तोच आवाज.

"दादा, तापवू का?"

त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नको!"

"हॅलो?"

"नको रे! थांब! माल खराब आहे!"

"हॅलो... दादा? काही ऐकू येत नाही."

हा ओरडत होता. "तापवू नकोस! बाहेर ये! ऐक..."

पलीकडे पंप घरघरत राहिला.

"बरं," आवाज म्हणाला. खुशीतच. "मग घेतो तापवायला."

व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज आला. एक वेढा. दुसरा...

पुढे काही नाही.

सोमवारी काटेकोरनं चौकशीत सगळं सांगितलं. खोटी टेकडी, खरी टेकडी, अडीच तास. फोनसुद्धा. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "कागद?" नव्हता. "नमुना?" नव्हता. ते उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मेहुण्यासाठी जीव तुटतो, समजू शकतो. काही दिवस रजा घ्या." अहवालात आलं, चालकाचा निष्काळजीपणा. तो शिक्का आजतागायत त्या बिचाऱ्याच्या नावावर आहे. तो पुसू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यानं स्वतःच्या हातानं नळ सोडला होता.

त्याच्यावर विश्वास ठेवला तो एकट्या बहिणीनं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पिशवीतले शर्ट काढून घेतले आणि आत जाऊन कडी लावली. त्यानंतर तिनं त्याला दादा म्हणून हाक मारली नाही. कुठलीच हाक मारली नाही.

चौकशीनंतर शेडला लागलेलं सील दीड महिन्यानं निघालं. फाटलेला रिअ‍ॅक्टर कापून न्यायला भंगारवाला आला होता. काटेकोर दाराशीच उभा होता, त्याला आत जाववेना. भंगारवाल्यानं अंदाज घ्यायला म्हणून पत्र्यावर हात टेकवला आणि बोंब ठोकली. त्याच्या तळहातावर टरटरून फोड आला होता. वाफेचे पाइप सील लागण्याआधीच काढून नेले होते, आणि आत गेल्या दीड महिन्यात कुणाचं पाऊलही पडलं नव्हतं.