शेपटीचं उत्तर

स्टुडिओच्या कॉरिडॉरच्या वळणावर राक्षस भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिला त्यात नवल वाटलं नाही, कारण तो तिनेच बनवला होता. चित्र मामाचं, पण फोम कापण्यापासून पाठीवरचा एकेक खवला चिकटवण्यापर्यंत सगळं काम तिचं. सिनेमातल्या राक्षसांचे पोशाख बनवणाऱ्या मामाच्या कारखान्यात तिला सगळे ‘कातडीवाली’ म्हणत. कोणीतरी सुकायला ठेवला असेल असं समजून ती बाजूने निघाली, तेवढ्यात राक्षस म्हणाला, “अहो, जरा मागची चेन उघडता का?”

ती थांबली. मान वर करून त्या जबड्याला विचारलं, “आत कोणी आहे?”

राक्षस कसाबसा वळला. “आहे. पण वर बघू नका, तिथे कोणी राहत नाही. खाली… गळ्यात.”

गळ्याच्या वळ्यांमध्ये बोटभर दोन भोकं होती. आतल्या माणसाला दिसावं म्हणून तिनेच पाडलेली. त्यांतून कोणी आपल्याकडे बघेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

“असे किती वेळ उभे आहात?”

“जेवायची सुट्टी झाली आणि सगळे गेले. म्हटलं, येतील कोणीतरी. एवढ्या मोठ्या राक्षसाला कोण विसरतं?”

तिने चेन उघडली. घामाने निथळणारा एक तरुण बाहेर आला आणि सगळ्यात आधी हसला. आधीचा माणूस काम सोडून गेला होता. उंची आणि छाती जुळली म्हणून याला घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव ‘आतला’ पडलं.

स्टुडिओत पुठ्ठ्याचं शहर उभं होतं, इमारती कमरेएवढ्या. त्यात हा राक्षस आणि दुसरा, पंखवाला, यांची रोज मारामारी चाले. राक्षसाच्या हातापायांची जबाबदारी आतल्याची, शेपटीची तिची. शेपूट तारांनी वर बांधलेली असे. सेटच्या वरच्या फळीवर बसून ती तारा ओढायची. शेपटीचं दुसरं टोक आतल्याच्या कमरेच्या पट्ट्याला. त्याला आत स्वतःच्या श्वासाखेरीज फारसं ऐकू यायचं नाही. पण वरून तार ओढली की कमरेला कळायचं.

त्याची लढायची तऱ्हा निराळी होती. बाकीचे राक्षस उभे राहून हात चालवतात. हा मान खाली घालायचा, खांद्याने रेटायचा, पंखवाल्याला कमरेत मिठी मारायचा आणि एकदम पाठ फिरवायचा. त्या क्षणी शेपूट यायला हवी. पहिल्या दिवशी उशिरा आली आणि टाउन हॉल उगाच पडला. चार-पाच दिवसांत मात्र दोघांचं असं जुळलं की दिग्दर्शकालाही कौतुक वाटू लागलं.

“हात नाचवत नाही बघा. जुन्या बैलासारखा लढतो,” तो मामाला म्हणाला. मग सगळ्यांदेखत तिला शब्द दिला, “हा पोशाख न फाटता शेवटच्या शॉटपर्यंत टिकला, तर पुढचा राक्षस तुझ्या चित्रावरून.”

या वाक्याची ती कित्येक वर्षं वाट बघत होती.

शॉटच्या मध्ये पोशाख उतरवायला वेळ नसे. ती पाण्याचा ग्लास घेऊन राक्षसासमोर उभी राहायची आणि गळ्याच्या भोकातून नळी आत सरकवायची.

“मी वळणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?” त्याने एकदा विचारलं.

“उजवा खांदा जरासा खाली जातो.”

“म्हणजे माझ्याकडे बघता तर.”

“राक्षसाकडे बघते. ते माझं कामच आहे.”

“हो का… आणि राक्षसात कोण असतं?”

“पाणी प्या. नळी चावू नका.”

पण तिचे कान लाल झाले होते, आणि ते मामाने बघितले. “भाचीबाई,” तो जाता जाता म्हणाला, “शेपूट हल्ली फारच उड्या मारतेय.”

शेवटचा शॉट आला. राक्षसाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन पंखवाल्याला उचलून फेकायचं, मग स्वतःही कोसळून मरायचं. पंखवाला तारांवरच होता, नुसते हात वर न्यायचे होते. आतला म्हणाला, “तो असं करणार नाही. त्याची ती पद्धत नाही.”

“पद्धत मी ठरवतो,” दिग्दर्शक म्हणाला.

“मग त्याला खांद्याने पाडू द्या.”

दिग्दर्शकाचा पारा चढला. “चहा पिऊन ये आणि हात वर कर. नाहीतर उद्या दुसरा माणूस आणतो. उंची आणि छाती कुठेही मिळते.”

ती पाणी घेऊन गेली, तेव्हा गळ्यातले डोळे नेहमीसारखे हसत नव्हते.

“उद्या मी बहुतेक नसेन,” तो म्हणाला. “म्हणून आजच विचारतो… माझ्याशी लग्न कराल?”

तिने नळी अर्ध्यातच बाहेर ओढली.

“घाई नाही. तोंडाने सांगायला जड जात असेल, तर शेपटीने सांगा. दोनदा हलली की हो.”

तिने त्याला वारा लागावा म्हणून चेन उघडली, आणि तिथेच थबकली. काखेपासून खांद्यापर्यंत कातडी सोलवटली होती. जुन्या वळांवर नवे वळ.

“हात वर करा.”

त्याने केला. तो खांद्यापाशी अडला.

“आणखी.”

“होत नाही.”

तिच्या लक्षात आलं. पोशाख तिने प्लास्टरच्या पुतळ्यावर बसवून बघितला होता. पुतळ्याचे हात खाली असतात, आणि पुतळा हात वर करत नाही. काखेतले कडक खवले तिने एक बोट खाली लावले होते. ती पद्धत, तो जुना बैल, सगळं त्या एका बोटातून आलं होतं.

“सांगितलं का नाही?”

“सांगून काय झालं असतं? पोशाख फाडावा लागला असता. मग तुमच्या चित्राचा राक्षस गेला असता.”

“माझं काय जावं आणि काय राहावं, हे मला न विचारता ठरवायला तुम्हाला कोणी सांगितलं?” ती म्हणाली. तिला राग आला होता, रडूही येत होतं, आणि त्याचा चेहरा हातांत धरून बघावासाही वाटत होता. तिन्ही एकदम. त्यातलं एकही करायला वेळ नव्हता.

तिने कातडी कापायचं पातं घेतलं आणि चहा पिणाऱ्या सगळ्यांसमोर राक्षसाची काख उभी चिरली.

“माप माझं चुकलं होतं,” तिने दिग्दर्शकाला सांगितलं. “याचा हात वर जातच नव्हता.”

दिग्दर्शकाने कप खाली ठेवला. “म्हणजे इतके दिवस मी ज्या पद्धतीचं कौतुक करत होतो…”

“ती अडचण होती.”

“बरं,” तो म्हणाला. “पुढच्या राक्षसाचं पुढे बघू.” या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. मामाने मान फिरवली. तिने चीर लाल रंगाने जखमेसारखी रंगवली आणि फळीवर चढली.

कॅमेरा सुरू झाला. राक्षसाचे हात पहिल्यांदाच डोक्यावर गेले. पंखवाला स्टेशनावर जाऊन आपटला. मग उजवा खांदा सवयीने जरासा खाली गेला, राक्षस वळला, शेपूट त्याच्याबरोबर वळली, आणि तो बाजारपेठेत पालथा कोसळला. धूळ बसली. कॅमेरा चालूच होता.

तिच्या हातात तारा होत्या. तिच्या चित्राचा राक्षस तर गेलाच होता. दुसरी गोष्ट नुसती गप्प बसून घालवायला ती तयार नव्हती.

शेपटीचं टोक उचललं गेलं आणि खाली आलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली आलं.

“कट,” दिग्दर्शक म्हणाला. “मेलेल्याची शेपूट कशी हलली?”

त्याने शॉट पुन्हा लावून बघितला, मग परत एकदा बघितला, आणि हनुवटी खाजवली. “म्हणजे हा मेला नाही. पुढच्या सिनेमात येणार.” त्याने फळीकडे बघितलं. “या वेळी चित्रही तूच काढ. आणि खांदा नीट माप.”

“हात वर करून मापते,” ती म्हणाली.

खाली कोसळलेल्या राक्षसाची पाठ आतल्याच्या हसण्याने गदागदा हलत होती. ती फळीवरून उतरली, इमारती ओलांडत त्याच्यापर्यंत गेली आणि गुडघ्यावर बसून चेन उघडली.

“पुरे आता,” ती म्हणाली. “बाहेर ये.”

“‘या’ नाही, ‘ये’ म्हणालीस,” आतून आवाज आला.

“हो,” ती म्हणाली. “म्हणाले.”