राजे गेले त्या बुधवारी

सुताची लडी हातातून निसटली आणि सक्करदऱ्याच्या तलावात डौलानं निघाली. पुष्पलता पायरीवर उकिडवी बसून नुसती बघत राहिली. निळी लडी, बाबांनी स्वतः रंगवलेली, आणि ती आता कमळाच्या पानांत शिरायला बघत होती. भाद्रपदातली दुपार होती, ऊनही होतं आणि भुरभुर पाऊसही. मागं बुधवारचा बाजार भरलेला, पण त्या गर्दीतल्या एकालाही तिच्या लडीचं काही पडलेलं नव्हतं.

एकाला पडलं होतं. त्यानं सायकल झाडाला टेकवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात उतरला. लडी घेऊन वर आला, तिचं एक टोक कोपरात अडकवलं, दुसऱ्या हातानं पीळ दिला आणि शेवटी एक हलका झटका... सूत मोकळं होऊन पडलं. एकही धागा गुंतला नाही.

दुसरी एखादी पोरगी हरखली असती. पुष्पलतेनं डोळे बारीक केले. तिचा स्वभावच तसा होता. दुधात पाणी आहे की नाही हे ती बोट बुडवून बघायची, बाजारात आपला काटा बरोबर आहे म्हणणाऱ्याकडून तर काहीच घ्यायची नाही.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"घ्या न. मी काय घरी नेऊन लुगडं विणणार आहो?"

"सांगता येत नाही. पँटवाल्या मानसाले लडी पिळता कशी येते?"

"उमरेडचा आहो. बाप विणकर, आजा विणकर. मीच एक बिघडलो, रेडिओ दुरुस्त करतो. सीताबर्डीवर दुकानात कामाले आहो. ईश्वरदास म्हणते मले."

"मंग भरदुपारी दुकान सोडून इथी काहून?"

"कांदे घ्याले आलो होतो."

तिनं सायकलच्या हँडलला लटकलेल्या पिशवीकडं पाहिलं. पिशवी रिकामी होती.

"कांदे कुठी आहे?"

"घेतो न... तुमची लडी मध्ये आली." तो हसला. मग थोडा अडखळला. "तुमच्या गालाले निळा रंग लागला आहे."

तिनं उजवा गाल पुसला.

"दुसरा," तो म्हणाला.

तिनं डावा पुसला, आभार न मानता लडी टोपल्यात टाकली आणि निघाली. पण वाटेत तिला उगीचच हसू येत होतं, आणि आपल्याला हसू का येतंय याचाही तिला संशय आला.

गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ते हसू विरलं. विणकरांची गल्ली ती. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तिथं मागांचा खटखटाट चालायचा, आणि आज सगळं चिडीचूप होतं. बायका दारात उभ्या होत्या. घरात बाबा, म्हणजे नत्थूजी, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. हातात धोटा तसाच होता.

"राजेसाहेब गेले वं," माय म्हणाली. मायचं नाव भागीरथा.

राजेसाहेब म्हणजे सोनझरीचे. जंगलापलीकडचं एवढंसं संस्थान, तेही केव्हाच विलीन झालेलं. पण राजे नऊ वर्षांचे असताना गादीवर बसले तेव्हाचं पागोटं पुष्पलतेच्या आजोबांनी विणलं होतं, आणि तेव्हापासून दर दसऱ्याचं पागोटं याच घरातून जायचं. साठ वर्षं होत आली. पोरसवदा डोकं मोठं झालं, म्हातारं झालं, इंग्रज गेले, संस्थान गेलं, पण दसऱ्याच्या आधी शालिकराम कारभारी यायचे आणि पागोट्याचं सांगून जायचे, हे काही चुकलं नाही. त्या दिवशीही ते येऊन गेले होते, पण पागोटं नको असं सांगायला.

नत्थूजींनी गल्लीत निरोप फिरवला. सगळे माग तीन दिवस बंद राहिले. बाप गेल्यावर काढतात तशी नत्थूजींनी मिशी काढली, आणि ती केवढी झुबकेदार मिशी होती म्हणून सांगू. गल्लीतल्या इतर कर्त्या पुरुषांनीही काढली. पागोट्यासाठी लावलेला केशरी रेशमाच्या उभ्या धाग्यांचा ताणा मागावर तसाच राहिला. त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

पुढं गल्लीला एक चाळाच लागला. कोणी पाहुणा आला, चहाचा कप हातात आला, की विचारायचं, "राजेसाहेब गेले तवा तुमी कुठी होते?" प्रत्येकाकडं उत्तर तयार असायचं. कोणी धोटा फेकत होतं, कोणी भाकर थापत होतं, एकाचा तर घासच तोंडाजवळ थांबला होता. पुष्पलता सांगायची, "तलावावर लडी धूत होती." एवढंच सांगायची. उरलेलं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

उरलेलं मात्र सायकलवरून गल्लीत यायला लागलं होतं. सीताबर्डीहून त्याच्या खोलीवर जायला याहून जवळची वाट होती हे तिनं चौकशी करून ठेवलं होतं. तरी तो इकडूनच यायचा. गल्लीत ताणा पसरलेला असला की सायकल खांद्यावर घेऊन वाकून खालून जायचा, सुताला धक्का लागू द्यायचा नाही. ती ताण्यावर खळीचा कुंचा फिरवत असायची. नजर वर करायची नाही. म्हणजे, तो पुढं जाईपर्यंत करायची नाही.

"कांदे भेटले का?" एकदा तिनं हळूच विचारलं.

"नाही न. दर बुधवारी पाहून राहिलो... लडीच दिसत नाही कोणाची."

आणि दसरा झाल्यावर त्याचे काका बाबनराव रीतसर विचारायला आले. चहा-पोहे झाले. पुष्पलता दाराच्या आड उभी होती. छाती धडधडत होती, ते तिनं स्वतःशी कबूलही केलं. मग नत्थूजींनी सवयीनं विचारलं, "काहून गा, राजेसाहेब गेले तवा तू कुठी होता?"

पुष्पलतेनं पदराचं टोक घट्ट धरलं. आता तो काय सांगेल? तलावाचं नाव घेईल? माझ्याकडं बघेल?

"दुकानात होतो जी," ईश्वरदास म्हणाला. "संध्याकाळची वेळ होती. रेडिओ उघडून बसलो होतो, त्याच्यावरच ऐकलं."

डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला. नत्थूजींनी घाईघाईनं बाबनरावांपुढं पोह्यांची बशी सरकवली आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पोरगं काही मले बरोबर वाटत नाही. नाही म्हणून सांगू."

पुष्पलता आत जाऊन सुताच्या कांड्या भरायला बसली. बाबांनाही कळलं म्हणजे. एक तर त्याला ती दुपार आठवतच नव्हती, नाही तर चांगली आठवत होती आणि तो सराईत खोटं बोलत होता. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं हे तिला ठरवता येईना. आणि ज्या माणसाचं खोटं ओळखू येत नाही त्याच्याबरोबर जन्म काढायचा कसा? तिला रडू आलं. तो आवडला होता, हीच तर मुळात पंचाईत होती.

बुधवारी ती लडी न घेताच तलावावर गेली. तो होता. पिशवी आजही रिकामीच.

"खोटं काहून बोलले?" ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"कवा?"

"राजेसाहेब गेले तवा तुमी इथी होते. या पायरीवर. माह्यासमोर. अन् बाबाले सांगता, दुकानात होतो. संध्याकाळी म्हणे. राजे गेले दुपारी."

तो पायरीवर बसला.

"पुष्पाबाई... राजे दुपारी नाही गेले. बुधवारी पण नाही गेले. शनिवारी गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात. रेडिओवर सांगितलं. उमरेडले विचारा, कोणाले पण विचारा. त्या बुधवारी तुमच्या गल्लीतून गेलो तं माग बंद होते. मले वाटलं, गल्लीतलं कोणी गेलं असन."

"म्हणजे माहे बाबा खोटं बोलते?"

"मी असं नाही म्हटलं."

"म्हणूनच राहिले तुमी. अन् शनिवारी गेले हे माहीत होतं, तं बाबाले सांगितलं काहून नाही?"

"सासरा व्हायचा आहे त्यो मानूस. पहिल्याच दिवशी पोहे खाता खाता त्यालेच चुकलं म्हणू?"

तिला हसू आलं होतं, ते तिनं दाबलं. "त्या बुधवारचं तुमाले काही आठवते का पण?"

"कोपरापर्यंत हात निळे होते," तो हळू बोलायला लागला. "भुरभुर चालू होती. टोपल्यात सहा लड्या... नाही, सातवी माह्या हातात. तुमी मले चोर समजून राहिल्या होत्या. गाल पुसला तो पण चुकीचा पुसला." तो थांबला. पाण्याकडं बघत म्हणाला, "सारी गल्ली म्हणते त्या दिवशी राजा मेला. मी काहून म्हणू? मी तुले पाहिलं त्या दिवशी वं. त्या बुधवारी कोणीच मेलं नव्हतं."

तिच्या कानापाशी गरम झालं होतं. तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता आणि तिला ते थांबवावंसंही वाटलं नाही. पण स्वभावाला औषध काय? घरी परत येताना पुन्हा संशय सुरू झाला. इतकं गोड बोलणारा माणूस खरा असू शकतो का?

घरी बाबा आरसा घेऊन मिशीला तेल लावत होते. मिशी अजून ओठावर नुसती काळी रेघ होती. पुष्पलता दारातच थबकली. शेजारच्या घरोघरी झुबके परत आले होते. सगळ्यांनी एकाच दिवशी काढलेली मिशी बाबांचीच मागं का राहिली? आणि मग तिला आठवलं. दहा-अकरा दिवसांनी एका सकाळी बाबा मागाच्या आड पाठ करून बसले होते, हातात वस्तरा होता. तिनं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, जरा बरोबर करून राहिलो."

"माय," तिनं चुलीपाशी जाऊन विचारलं, "बाबानं मिशी दोनदा काढली का?"

भागीरथेनं तव्यावरची भाकर उलटली. तिच्या तोंडाला पदर गेला, खांदे हलायला लागले. "गप बस वं पोट्टे," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

रविवारी बाबनराव उत्तर घ्यायला आले. बरोबर ईश्वरदासही होता. नत्थूजींनी आवाज जड केला. "पोरगा मेहनती आहे. पण बोलणं पक्कं पाहिजे मानसाचं. एकदा पुन्हा सांग गा, राजेसाहेब गेले तवा कुठी होता?"

पुष्पलता या वेळी दाराआड थांबली नाही. चहाचं ताट घेऊन मध्येच उभी राहिली. नत्थूजींना कोणतं उत्तर हवंय हे एव्हाना ईश्वरदासला कळलं असणार. तलावावर होतो म्हटलं की काम झालं. आणि त्यानं तसं म्हटलं असतं तर पुष्पलता त्याच क्षणी आत निघून गेली असती, कायमची.

ईश्वरदासनं एकदा तिच्याकडं पाहिलं.

"दुकानात होतो जी," तो म्हणाला. "तुमाले नाही पटलं तरी तिथीच होतो."

तिला इतकं बरं वाटलं की ताटातले कप वाजायला लागले. तिनं ते खाली ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "मिशी दुसऱ्यांदा काहून काढली होती?"

नत्थूजींचा हात आपोआप ओठावर गेला. आत भागीरथा खोकल्यासारखं काहीतरी करत होती.

"शालिकराम म्हणाला, राजेसाहेबांले आता पागोटं लागत नाही," नत्थूजी शेवटी म्हणाले. आवाजातला जडपणा पार गेला होता. "साठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अन् डोळ्यात पाणी त्याच्या. मी काय समजाव? माग बंद करा म्हटलं. पुऱ्या गल्लीनं मिशा काढल्या माह्या शब्दावर. शनिवारी खरी बातमी आली तवा समजलं... डोक्याले गळू झालं होतं राजेसाहेबांच्या. त्याच्यानं पागोटं सोसत नव्हतं. मंग कोणत्या तोंडानं सांगू लोकांले? पेपरात आलं तं म्हटलं, पेपरवाले उशिराच छापते. पण खरंखुरं गेले म्हटल्यावर मले राहवलं नाही. उगली तेवढी काढली."

बाबनराव आधी हसले, मग सगळेच हसले. नत्थूजींनी डोळे पुसले, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं.

"गल्लीत सांगशील का गा?" त्यांनी ईश्वरदासला विचारलं.

"मी काहून सांगू जी? तुमच्या गल्लीत राजे बुधवारीच गेले."

"पाहा," पुष्पलता म्हणाली. "खोटं बोलता येते यांले." पण हे म्हणताना ती हसत होती, आणि या वेळी तिनं त्या हसण्याची चौकशी केली नाही.

नत्थूजी उठून मागापाशी गेले. केशरी ताण्यावरची धूळ त्यांनी फुंकरीनं उडवली, खड्ड्यात पाय सोडले आणि धोटा फेकला. मार्गशीर्षात ईश्वरदासच्या डोक्यावर जे पागोटं बसलं ते राजाच्या मापाचं होतं. कानापर्यंत यायचं. अंतरपाट दूर झाला तेव्हा ते सावरता सावरता त्याची अशी तारांबळ उडाली की पुष्पलतेला माळ घालायला थांबावं लागलं.

गल्लीतले लोक अजून विचारतात, राजे गेले तेव्हा कुठं होता म्हणून. पुष्पलता आता त्या शनिवारचं खरं ते सांगते, घरी ज्वारी निवडत होते. पाहुणे गेले की ईश्वरदास उघड्या रेडिओच्या मागून डोकं काढतो.

"अन् त्या बुधवारी वं?"

ती उत्तर देत नाही. मुद्दाम उजवा गाल पुसते.

"दुसरा," तो म्हणतो.