गुडघ्यातली टकटक

"इथे पाय मिळतात का हो?"

दार चुकून आत आलेल्या त्या कुबडीवाल्याला तिने मान वर न करताच सांगितलं, "पाय शेजारच्या खोलीत. इथे फक्त गुडघे."

तो हसला... आणि शेजारच्या खोलीत गेलाच नाही.

जहाजाच्या इंजिनखोलीत काम करायचा तो. "इंजिनाची घरघर नसली, की करमत नाही मला," म्हणायचा. ती त्याला इंजिनवाले म्हणू लागली, तो तिला गुडघेबाई. तिने त्याच्यासाठी केलेला कृत्रिम गुडघा चार दांड्यांचा. एक मांडीला, एक पोटरीला, मधल्या दोन झुलत्या. संगणकाच्या पडद्यावर तो कसा अलगद दुमडायचा! पायात घातल्यावर मात्र दर पावलाला वाजायचा — टक्.

"पडद्यावर का वाजत नाही?"

"पडदा मुका आहे. तुमच्यासारखा बोलघेवडा नाही."

दर मंगळवारी तो तपासणीला येताना व्हरांड्यात ती टकटक ऐकू आली, की तिचा हात आपसूक केसांकडे जायचा.

चूक तिला केव्हाच सापडली होती. सिम्युलेशनमध्ये तिने दांड्यांना जाडीच दिली नव्हती. तिथे त्या एकमेकींच्या आरपार जात होत्या, खऱ्या पोलादाच्या दांड्या मात्र एकमेकींवर आपटत होत्या. एक कड जराशी घासली की झालं. पण मग मंगळवार कुठला? ती गप्प राहिली.

मग जहाजाचं पत्र आलं. सोमवारी शिडी चढून दाखवायची, जमलं तर दोन वर्षांची सफर. आणि शिडीवरच दांडी अडकली तर...?

त्या मंगळवारी तिने गुडघा काढून घेतला, व्हाइसच्या पकडीत आवळला आणि कानस चालवू लागली.

"तीन आठवडे ठाऊक होतं मला. मुद्दाम नाही सांगितलं. शिव्या घाला हवं तर."

पिशवीतून स्वतःची कानस काढून त्याने टेबलावर ठेवली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाई. उभा जन्म यंत्रांत गेलाय..."

तिचा हात थांबला.

"राहू मी? तू म्हण फक्त —"

ओठांवर आलं होतं तिच्या. तिने गुडघा सोडवला. तो तिच्या हातात दुमडला, बिनआवाज.

"हा मी चालायला केलाय," ती म्हणाली, "कुणाला बसवून ठेवायला नाही."

गुडघा पायात चढवून तो निघाला. ती पाठमोरी उभी राहिली, कान देऊन. व्हरांड्याच्या वळणापर्यंत टकटक ऐकायची आणि मगच रडायचं, असं तिने ठरवलं होतं. पण वाजायला आता काही उरलंच नव्हतं...

वळण कधी आलं आणि गेलं, तिला कळलंच नाही.