खोटं निघू दे

दातांच्या डॉक्टरला सुट्टीच्या दिवशीही दातच दिसावेत, यावर त्याची बायको एके काळी खूप हसायची. रविवारी दवाखाना बंद, आणि डॉक्टर मागच्या खोलीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री सरड्यांच्या जबड्यांवर ओणवा. या छंदात लबाडीचा सुळसुळाट फार. कुणी राळेचे दात ओतून विकतो, कुणी तीन जनावरं चिकटवून एक करतो. डॉक्टरच्या तावडीतून मात्र खोटं सुटत नसे. आधी निळा दिवा, त्यात गोंद चमकतो. मग ॲसिटोनचा बोळा, त्याने चढवलेला रंग उतरतो. शेवटी जीभ. खरं जुनं हाड ओल्या जिभेला चिकटतं, राळ चिकटत नाही.

"दगडाला जीभ चिकटते, आणि माझ्याशी बोलायचं म्हटलं की टाळ्याला," बायको म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी हे हसणं संपलं. कड्याखालच्या किनाऱ्यावर त्याला बरगड्यांची अख्खी शिळा दिसली होती. नऊ वर्षांची लेक सोबत होती.

"बाबा, पाणी चढतंय."

"त्या उंच खडकावर थांब. पाच मिनिटांत आलोच."

हातात छिन्नी असली की पाच मिनिटांचा अर्धा तास कधी होतो ते कळत नाही. त्याने वळून पाहिलं, तेव्हा खडक माथ्यापर्यंत कोरडा होता आणि पोर नव्हती. सांगितलेल्या जागेवरून हलणारी ती नव्हेच. आठ दिवस बोटी फिरल्या, साधा बूटसुद्धा मिळाला नाही. शिळा मात्र कुणीतरी गाडीत चढवून दिली आणि ती घरी आली. डॉक्टरने तिच्यावर चादर टाकली ती टाकलीच.

त्याने आशा सोडली, बायकोने नाही. "कुणीतरी नेलंय तिला. जिथे असेल तिथे जगतेय," असं म्हणत ती दर वाढदिवसाला एक नंबर मोठे बूट आणायची. यंदाचं खोकं घेऊन ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"अहो, ती शिळा एकदाची फोडा नाहीतर फेकून द्या. तिच्यापायी गेली माझी पोर."

बोलणं खरंच होतं. डॉक्टरने चादर काढली आणि दातांना लावायचं तेच बारीक ड्रिल हातात घेतलं. दुपारपर्यंत बरगड्या मोकळ्या झाल्या. लांब चोचीचा, डॉल्फिनसारख्या बांध्याचा प्राणी होता. पोटाच्या जागी त्याने गिळलेल्या माशांचे खवले होते. खवल्यांच्या मधोमध जबड्याचा एक तुकडा होता, आणि त्यात एक दाढ दिसत होती.

ती सरड्याची नव्हती. त्या जातीला नुसते सुळे असतात. ही चार उंचवट्यांची, रोज शंभरदा पाहिलेली, माणसाची दाढ होती. तिच्यात चांदी भरलेली होती.

त्याने तोंडात घालायचा छोटा आरसा गालाकडच्या बाजूला धरला. चांदीत एक बारीक मासा कोरलेला होता.

दाढ भरताना लेक रडत होती, म्हणून त्यानेच तो कोरला होता. ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती.

डॉक्टर स्टुलावर बसला. मग त्याचं डोकं चालू लागलं. कुणीतरी हे बनवलंय. शिळा पोखरून आत जबडा बसवलाय, वर दगडाचा भुगा लिंपलाय. तसं असेल तर तो कुणीतरी या जगात आहे. त्याला शोधता येईल, त्याच्या पायांवर डोकं ठेवून विचारता येईल, पोर कुठे आहे. खऱ्यासाठी जन्मभर जीव टाकणाऱ्या माणसाने त्या दुपारी पहिल्यांदाच हात जोडले. खोटं निघू दे. एवढं एक खोटं निघू दे.

त्याने पडदे ओढून निळा दिवा लावला. काही चमकलं नाही.

ॲसिटोनचा बोळा पांढराच राहिला.

भिंगातून दगडाचे थर पाहिले. ते कुठेही न तुटता जबड्यावरून सलग गेले होते, म्हणजे जबडा दगडाइतकाच जुना. एक खवला अर्धा हाडात आणि अर्धा दगडात रुतला होता.

आता जीभ उरली. याच गालाचे त्याने किती मुके घेतले होते. त्याने डोळे मिटले आणि जीभ टेकवली.

ती चिकटली.

सोडवताना ओढावी लागली. डोळे उघडले तेव्हा जबड्याचा मागचा भाग त्याच्यासमोर होता, आणि तिथे अक्कलदाढ होती. पूर्ण वर आलेली, झिजून सपाट झालेली. सगळ्याच दाढा तशा झिजल्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलीला अक्कलदाढ नसते.

बायको केव्हा आत आली त्याला कळलं नाही. तिने आरसा घेतला, मासा पाहिला आणि आरसा जागेवर ठेवला.

"खोटं आहे ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"किती वर्षांची आहे ही?"

डॉक्टरला खोटं बोलता आलं असतं. "चाळीस. थोडी जास्तच," तो म्हणाला.

"माझ्याएवढी." ती बोटांवर नऊपासून चाळीसपर्यंत मोजत गेली. मग अगदी हळू, कुणाला जाग येऊ नये तशी बोलली, "तुम्ही तिला थांब म्हणाला होतात ना?"

त्याने शिळेवर पुन्हा चादर ओढायला घेतली.

"थांबली हो ती."

आणि तिने बुटांच्या खोक्याचं झाकण लावलं.